ज्याच्या हाती हे कार्ड पडेल

कवळीवाल्याने आयुष्यात कधी बोटीत पाय ठेवला नव्हता. नदी ओलांडायची झाली तरी तो पुलाच्या मधोमध, कठड्यापासून चार हात लांबून चालायचा. पण कुठली आगबोट कोणत्या साली पाण्यात उतरली, तिला धुराडी किती होती, तिसऱ्या वर्गाच्या भोजनगृहात एका पंगतीला किती माणसं बसायची, हे त्याला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी त्याने सांगितलं असतं. बायको म्हणायची, "यांना पाणी फक्त कार्डावरचं चालतं. अंघोळीला उठवायचं तर दहा हाका माराव्या लागतात."

त्याचं काम दातांचं. रस्त्यावर डॉक्टरांचा दवाखाना आणि त्याच्या मागे, औषधांच्या खोक्यांमधून वाट काढत गेलं की याची खोली. पेशंट पुढच्या दाराने यायचे, डॉक्टर त्यांच्या जबड्याचं माप घ्यायचे आणि ते माप मागच्या खिडकीतून याच्याकडे यायचं. मग हा प्लास्टर कालवणार, साचा ओतणार, मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवणार, वरचे आणि खालचे दात एकमेकांवर नीट बसतात की नाही ते बघणार. अडतीस वर्षं त्याने हेच केलं. गावातल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू त्याच्या हातचं होतं, पण त्यांतल्या एकानेही त्याला पाहिलं नव्हतं. रस्त्यात कोणी हसलं की हा मनात म्हणायचा, वरचा डावा सुळा जरा पुढे बसलाय, आणि नजर वळवून पुढे जायचा.

कार्डांचा नाद लागला तो लग्नाच्या आधी. जुन्या पुस्तकांच्या ढिगात एका शब्दकोशात त्याला एक कार्ड सापडलं. वर तीन धुराड्यांच्या आगबोटीचं चित्र, आणि बोटीच्या अंगावरच्या शेकडो गोल खिडक्यांपैकी एकीवर शाईची बारीकशी फुली. मागे लिहिलं होतं, 'फुली केली आहे तिथे मी झोपतो. वरच्या फळीवरचा गृहस्थ घोरतो. बाकी ठीक.' त्या फुलीकडे तो किती तरी वेळ बघत राहिला. एवढ्या अवाढव्य बोटीत एका माणसाने, मी इथे आहे, असं दाखवून ठेवलं होतं.

तेव्हापासून तो बोटीवरून टाकलेली कार्डं जमवायला लागला. प्रवासी बोटीवर टपालाची पेटी असायची. तीत टाकलेली पत्रं पुढच्या बंदरात उतरायची आणि तिथे त्यांच्यावर 'जहाजावरची डाक' असा शिक्का बसायचा. तो शिक्का असला की हा खूश. कार्डं बोटीवरच्या न्हाव्याच्या दुकानात विकत मिळायची, हेही त्याला कुठल्याशा कार्डावरूनच कळलं होतं. 'दाढी करायला गेलो आणि हे घेऊन आलो.' बोटीगणिक एक अशी चपलांची खोकी भरत गेली. आधी पलंगाखालची जागा गेली, मग कपाटाचा खालचा खण. लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, तेव्हा तिच्या कपाटातही बोटी घुसल्या. "सवत असती तरी एक वेळ भांडता आलं असतं," बायको म्हणायची. "हिच्याशी काय भांडू? खोक्यात बसून राहते."

बाकीचे जमवणारे तिकिटं आणि शिक्के बघायचे. हा मजकूर वाचायचा. उलट्या थांबल्या. सूप गार होतं. आईच्या गुडघ्याचं लगेच कळव. धाकट्याला शाळेत घेतलं का? प्रत्येक कार्ड काही ना काही विचारायचं, आणि आईच्या गुडघ्याचं पुढे काय झालं ते याला कधीच कळायचं नाही. कधी कधी त्याला इतकी चुटपुट लागायची, की बायकोला हाक मारून तो ते वाचून दाखवायचा. ती भाजी चिरत म्हणायची, "साठ वर्षं झाली त्याला. गुडघा गेला आणि गुडघेवालीही गेली. जेवायला या."

एका शनिवारी दुपारी रद्दीवाल्याचा निरोप आला, तुमचा माल आलाय.

रद्दीवाल्याने कुठलंसं जुनं शिवणयंत्र लोखंडाच्या भावात उचललं होतं. त्याच्या लाकडी टेबलाला एक खण होता, तो जाम बसलेला. पहार घालून तो उघडल्यावर आत दोऱ्याने बांधलेली नऊ कार्डं निघाली. "बोटी दिसल्या आणि म्हटलं, या खुळ्याशिवाय कोण घेणार," रद्दीवाला म्हणाला. कवळीवाला तिथेच वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यावर बसला आणि दोरा सोडून वाचायला लागला.

नऊही कार्डं एकाच बोटीवरून आलेली, एकाच हातची, आणि पत्ता याच गावातला. लिहिणारी बाई बोटीच्या कापडकोठीत कामाला होती. हजारभर माणसांच्या चादरी, अभ्रे आणि टॉवेल मोजून द्यायचे, मोजून परत घ्यायचे आणि फाटलेले शिवायचे. नवरा वारला होता. सहा वर्षांच्या मुलीला नणंदेकडे ठेवून तिने दोन वर्षांच्या करारावर हे काम धरलं होतं. कार्डं त्या मुलीला लिहिलेली होती.

पहिल्या कार्डात ठसठशीत मोठं अक्षर होतं, लहान मुलाला वाचता यावं असं. 'इथे जमीन हलते, पण माणसं पडत नाहीत. मी पण नाही पडले.' तिसऱ्यात लिहिलं होतं, 'तुझा निळा झगा आता आखूड झाला असेल. आत्याला सांग, खालची दुमड सोडायची. मी तीन बोटं कापड जास्तीचं ठेवलंय.' पाचव्यात, 'करार संपला की मी तुला न्यायला येणार आहे. बंदरावर बायकांना खोल्या मिळतात आणि जवळच शाळा आहे.' सहाव्यापासून अक्षर बारीक होत गेलं. 'आत्याला सांग, दोन ओळी तरी लिही.' 'गेल्या तीन बंदरांत माझ्या नावाने काही आलेलं नाही.' आणि नववं कार्ड मुलीला नव्हतंच.

'मी पाठवलेलं बंद पाकीट परत आलं. वर शेरा आहे, या पत्त्यावर कोणी राहत नाही. उघडं कार्ड परत पाठवायची तसदी कोणी घेत नाही, म्हणून हे टाकते आहे. ज्याच्या हाती हे कार्ड पडेल त्याने कृपा करून एवढंच कळवावं, माझी मुलगी कुठे आहे आणि ती बरी आहे ना.'

खाली कुठल्याशा बंदरातल्या कचेरीचा पत्ता होता. कवळीवाल्याने कार्ड उलटंपालटं करून बघितलं. चाळीस वर्षं तो दुसऱ्यांची पत्रं वाचत आला होता. त्याच्या नावाने आलेलं हे पहिलंच.

"हे यंत्र कुणाकडून आणलंस?" त्याने विचारलं.

"ती रफूवाली नाही का, बाजाराच्या मागे, पहिल्या मजल्यावर? एकटीच असते. म्हणाली, आत्याच्या वेळचं आहे, आता पाय चालत नाहीत."

घरी आल्यावर त्याने सगळं बायकोला वाचून दाखवलं. या वेळी तिने भाजी बाजूला ठेवून ऐकलं. 

"त्या आत्या गेल्या?" तिने विचारलं.

"दोन वर्षं झाली म्हणे."

"मग राहू द्या. तिला सत्तरी उलटून गेली असेल. आईने टाकलं म्हणून जे काही रडायचं ते ती रडून मोकळी झाली असणार. तुम्ही तिला परत पहिल्यापासून रडायला लावणार."

"पण आईने टाकलं नव्हतं ना."

"तेच तर म्हणते मी."

तिचं म्हणणं त्याला पटलं. तीन दिवस पटलेलंच होतं. चौथ्या दिवशी एका कवळीत त्याने खालचे दात वर आणि वरचे खाली बसवले. डॉक्टर खिडकीतून डोकावून म्हणाले, "काय हो, आज पेशंटला उलटं टांगून जेवायला घालायचंय का?" त्या संध्याकाळी तो बाजाराच्या मागच्या जिन्यावर उभा होता.

रफूवालीची खोली लहान, पण उजेडाची. खिडकीशी एक उंच स्टूल, दिव्याला कागदाची टोपी आणि भिंतीवर खुंट्यांना लटकलेले लोकांचे कोट. ती एका काळ्या कोटाच्या कॉलरवरचं कसरीचं भोक भरत होती. कोटाच्याच आतल्या शिवणीतून एकेक धागा उपसायचा आणि तोच भोकात विणायचा, म्हणजे भोक होतं कुठे ते मालकालाही सापडत नाही.

"काढा कोट. बघू कुठे गेलाय," तिने मान वर न करता म्हटलं.

"कोट नाही आणलेला. तुम्ही ते शिवणयंत्र विकलंत ना—"

"परत आणलंत की काय? मी नाही हो घेणार! चाळीस वर्षं माझे गुडघे खाल्ले त्याने."

"त्याच्या खणात काही होतं."

"तो खण उघडत नाही. त्याची किल्ली आत्याने मी शाळेत होते तेव्हाच हरवली."

त्याने कार्डं टेबलावर ठेवली. तिने चष्मा सारखा केला, वरचं कार्ड उचललं आणि त्यावरचं स्वतःचं नाव वाचलं.

"हे कुणाचं अक्षर?"

"तुमच्या आईचं."

"माझी आई लिहायची नाही," ती म्हणाली. दुकान आज बंद आहे असं सांगावं, तशा आवाजात. मग ती वाचायला लागली.

तो दाराशी उभाच होता. बसा म्हणायचं तिला सुचलं नाही आणि बसायचं त्याला सुचलं नाही. तिने नऊही कार्डं वाचली, ओळीने टेबलावर मांडली आणि पुन्हा पहिल्यापासून वाचली. तिसऱ्या कार्डापाशी थांबून म्हणाली, "निळाच होता. आत्याने कुणाला तरी देऊन टाकला. मी रडले तर म्हणाली, आता लहान व्हायला लागला, दुमड नव्हती त्याला."

पुढे तिने जे सांगितलं ते त्याच्याकडे न बघता, कोटाला सांगत असल्यासारखं. आत्याला मूलबाळ नव्हतं. आत्याने तिला वाढवलं, शाळेत घातलं, रफू शिकवलं, तापात उशाशी बसून रात्री काढल्या. शेवटची दोन वर्षं आत्या अंथरुणाला खिळली, तेव्हा तिने आत्याला घास भरवले, अंग पुसलं. "जाताना माझा हात घट्ट धरला होता हो. तेव्हासुद्धा बोलली नाही." मग तिने पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिलं. "आता मी रागवू कुणावर? तुम्हीच सांगा."

 त्याने नववं कार्ड पुढे सरकवलं आणि बोट ठेवून ती ओळ दाखवली. ज्याच्या हाती हे कार्ड पडेल.

"म्हणून आणलंत?"

"हो."

"पासष्ट वर्षांनी?"

 खाली बाजारात कोणी तरी लोखंडी पट्टी ओढून दुकान बंद करत होतं. तो आवाज संपेपर्यंत दोघं तशीच होती.

"आता तुम्ही जा, भाऊ," ती म्हणाली. "कोटाचा मालक यायची वेळ झालीय."

घरी बायकोने काही विचारलं नाही. मी सांगितलं होतं, एवढं जरी ती म्हणाली असती तरी त्याला बरं वाटलं असतं. तिने नुसतं ताट वाढलं.

पंधरा दिवसांनी रविवारी सकाळी दारावर थाप पडली. रद्दीवाल्याकडे, मग दवाखान्यात विचारत विचारत रफूवाली घरापर्यंत आली होती. हातात कापडी पिशवी. दारातच म्हणाली, "ही कार्डं घरात असली की माझ्याकडून काम होत नाही. सुई धरली की ओळी दिसतात. टाकवतही नाहीत. तुमच्याकडे एवढी खोकी आहेत म्हणतात, त्यांत ही ठेवा. पण विकायची नाहीत. आणि मी अधूनमधून येऊन बघेन."

"या ना ताई, आत या आधी," बायको म्हणाली आणि खुर्चीवरचं खोकं उचलून तिने जागा केली.

तेव्हापासून रफूवाली एक रविवार सोडून एक यायची. कवळीवाला खोकं काढून समोर ठेवायचा. ती चष्मा पुसायची, नऊ कार्डं क्रमाने वाचायची आणि परत दोऱ्याने बांधायची. मग चहा घ्यायची. बायकोशी तिचं चांगलं जमलं. दोघी गुडघ्यांबद्दल, लोकांच्या कपड्यांबद्दल, बाजारातल्या लबाड्यांबद्दल बोलायच्या. एकदा बायकोने सहज विचारलं, "पाकिटावर शेरा होता ना, इथे कोणी राहत नाही म्हणून? मग कार्डं कशी पोचली?"

"आम्ही घर बदललं होतं. तीन गल्ल्या सोडून. आत्या म्हणाली, भिंतीला ओल येते. पण जुन्या घराचा मालक आमचं गिऱ्हाईकच होतं. दर आठवड्याला कोट घेऊन यायचा आणि त्या कोटाच्या खिशात..." ती बोलता बोलता थांबली. कप बशीत ठेवताना थोडा चहा सांडला. "मी लहान असताना त्याच्या कोटाचे खिसे आत्या मला कधी तपासू द्यायची नाही. एरवी सगळे खिसे माझ्याकडेच असायचे."

बायकोने फडकं आणून टेबल पुसलं. 

आणि दर वेळी निघताना रफूवाली चपला घालता घालता विचारायची, "पुढे काय झालं असेल हो तिचं? तुम्हाला तर बोटींचं सगळं ठाऊक असतं."

त्याने शोधायचं ते सगळं शोधलं. कंपनी कधीच बुडाली होती. तिचे कागद एका संग्रहालयात होते. तिथून दोन महिन्यांनी छापील चिठ्ठी आली, त्या वर्षांच्या कामगारांच्या याद्या पाण्याने भिजून गेल्या, क्षमस्व. बोट स्वतः त्या कार्डांनंतर तीन वर्षांनी भंगारात निघाली होती. त्याला त्या बोटीच्या पत्र्याची जाडी सांगता आली असती, तिच्या भोंग्याचा सूर सांगता आला असता. कापडकोठीत चादरी मोजणारी एक बाई नवव्या कार्डानंतर कुठे गेली, हे सांगता येत नव्हतं. दर पंधरा दिवसांनी तो दाराशी उभा राहून म्हणायचा, "अजून काही नाही, बाई." ती मान हलवायची, जणू चूक तिचीच होती.

सातासमुद्रापलीकडे त्याचा एक जुना पत्रमित्र होता. टपाल खात्यातून निवृत्त झालेला कारकून, त्याच्यासारखाच खुळा. दोघं वर्षानुवर्षं कार्डांची अदलाबदल करत होते. कवळीवाल्याने त्याला नवव्या कार्डाची छायाप्रत पाठवून ठेवली होती, हे अक्षर कुठे दिसलं तर कळवा म्हणून. वर्ष उलटलं. मग एका सकाळी दवाखान्याच्या पत्त्यावर जाड पाकीट आलं. आत एक कार्ड होतं. तेच अक्षर, तीच बोट, नवव्यानंतर चार महिन्यांनी टाकलेलं. दुसऱ्या एका बोटीवर काम करणाऱ्या मैत्रिणीला लिहिलं होतं.

'मी जाऊन आले. मंगळवारी सकाळी पोचले. दार दुसऱ्याच लोकांनी उघडलं. घरमालक म्हणाला, नणंदबाई मुलीला घेऊन दूरच्या गावी गेल्या, कुठे ते सांगून गेल्या नाहीत. मी तो दिवस आणि बुधवार गल्लीच्या तोंडाशी उभी होते. मुलं येत-जात होती. प्रत्येक मुलीचं तोंड बघितलं. बुधवारी संध्याकाळी परत यावं लागलं, बोट सुटायची होती. आता करार वाढवून घेते. कुठेही असलं तरी सारखंच.'

शेगडीवर मेण तापत होतं. कवळीवाल्याने ते कार्ड तीनदा वाचलं, आणि मेणाने पेट घेतला तेव्हा डॉक्टर धावत आले. "अहो, दवाखाना जाळता का?" त्याने ओलं फडकं टाकून भांडं खाली उतरवलं, बोटं भाजली, आणि भाजलेल्या हाताने कार्ड खिशात घातलं.

"तीन गल्ल्या," तो संध्याकाळी बायकोला म्हणाला. "पोरगी तीन गल्ल्यांवर होती."

बायको भाजलेल्या बोटांना मलम लावत होती. ती लावतच राहिली.

"मागच्या वेळी तू नको म्हणत होतीस. आता काय करू?"

"मला नका विचारू," ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता. "तिलाच विचारा. तिची आई आहे. आपण कोण ठरवणार?"

पुढच्या रविवारी चहा झाल्यावर त्याने विचारलं. "बाई, एक गोष्ट कळलीय. सांगू का?"

रफूवालीचे हात दोऱ्यावर थांबले. "वाईट आहे?"

त्याला खोटं बोलता आलं नाही. "चांगली नाही."

"मग आज नको."

त्यानंतर ती येत राहिली. तेच खोकं, तीच नऊ कार्डं. निघताना आता ती प्रश्न विचारायची नाही. त्याच्याकडे बघायची आणि म्हणायची, "आज नको." दहावं कार्ड त्याच्या आतल्या खिशात असायचं. रविवारी सकाळी तो ते खिशात ठेवायचा आणि ती गेली की काढून कपाटात ठेवायचा. रद्दीवाल्याचे निरोप येत होते, पण तो गेला नाही. नवीन कार्ड म्हणजे आणखी कुणाचा तरी गुडघा, आणखी कुणाची तरी दोन ओळींची वाट बघणं. त्याला आता ते पेलवेना. सात महिने असे गेले.

मग एका रविवारी ती आलीच नाही. दुपारी बायको म्हणाली, "जाऊन बघून या." बाजारातल्या लोकांनी सांगितलं, शुक्रवारी जिन्यावरून पडली, खुब्याचं हाड मोडलंय, इस्पितळात आहे.

लांबलचक वॉर्डात ती शेवटून दुसऱ्या खाटेवर होती. चष्मा नव्हता, त्यामुळे चेहरा ओळखीचा वाटत नव्हता. पायाला वजन लटकवलेलं. त्याने आणलेली फळं कपाटावर ठेवली, पण ती फळांकडे बघत नव्हती.

"आणलंय?" तिने विचारलं.

त्याने आतल्या खिशाला हात लावला.

"वाचा. माझा चष्मा फुटलाय."

शेजारच्या खाटेवरच्या बाईला तिचे दोन मुलगे हसत हसत काही तरी सांगत होते. कवळीवाला वाकून हळू आवाजात वाचू लागला. गल्लीच्या तोंडाशी उभी होते, इथपर्यंत आल्यावर त्याने कार्ड उजेडाकडे धरलं. मग शेवटपर्यंत वाचलं.

ती छताकडे बघत होती.

"मंगळवार-बुधवार," ती म्हणाली. "म्हणजे शाळा होती."

"हो."

"शाळेची वाट त्या गल्लीच्या तोंडावरूनच जायची. दुसरी वाटच नव्हती." ती जरा थांबली. "एकदा आत्याने मला दोन-तीन दिवस शाळेत पाठवलंच नाही. म्हणाली, गावात साथ आहे. खिडकीही उघडू दिली नाही. मी इतकी खूश होते! दोघी दिवसभर पत्ते खेळलो. आत्या मुद्दाम हरायची." तिने मान त्याच्याकडे वळवली. "भाऊ, ते हेच दिवस असतील का हो?"

त्याने कार्डावरची तारीख पुन्हा बघितली, जणू तिथे आणखी काही लिहिलेलं सापडणार होतं.

"मला नाही सांगता येणार, बाई."

"घरमालकानेच आत्याला सांगितलं असेल. ती आलीय म्हणून."

"असेल."

"नाहीतर खरंच साथ असेल."

"असेल."

"आता हे कोण सांगणार?"

 तिने हात पुढे केला, त्याने कार्ड तिच्या हातात दिलं. चष्म्याशिवाय तिला त्यातलं काही दिसत नव्हतं, तरी तिने ते डोळ्यांजवळ नेऊन धरलं. मग छातीवर ठेवलं.

थोड्या वेळाने म्हणाली, "माझी उशी जरा वर घ्या. मान अवघडलीय."

त्याने दोन्ही हातांनी उशी धरली. पण उशी वर घ्यायची तर आधी तिला उचलायला हवं होतं, आणि पायाला वजन होतं, कुठे हात घातला म्हणजे दुखणार नाही ते त्याला कळेना. गव्हाच्या दाण्याएवढा दात केसाएवढा सरकवणारी त्याची बोटं तिच्या खांद्यांवर नुसती थांबून राहिली. ती कण्हली तसे त्याने हात मागे घेतले. वॉर्डभर बघून शेवटी त्याने नर्सला हाक मारली. नर्सने एका झटक्यात उशी सारखी केली आणि म्हणाली, "भेटायची वेळ संपलीय, काका."

हाड नीट जुळलं नाही. रफूवालीला पुन्हा तो जिना चढता आला नाही. तिची वृद्धाश्रमात सोय झाली, तळमजल्यावर, भिंतीकडेच्या खाटेवर. भिंतीवर खुंट्या होत्या, पण त्यांवर कुणाचे कोट नव्हते. कवळीवाला आणि त्याची बायको एक रविवार सोडून एक तिथे जातात. बायको तिच्या केसांना तेल लावते, इकडचंतिकडचं बोलते. नऊ कार्डं खोक्यातच आहेत, ती मागत नाही. दहावं तिच्या उशीखाली असतं.

कधी कधी बोलणं मध्येच सोडून ती त्याच्याकडे वळते आणि विचारते, "ते हेच दिवस असतील का हो?" आधीही विचारलंय हे तिच्या लक्षात नसतं, की मुद्दाम पुन्हा विचारते, ते त्याला कळत नाही. तो म्हणतो, "मला नाही सांगता येणार, बाई." ती मान हलवते. मग बायको विचारते, चहा बरा होता का, आणि ती म्हणते, बरा होता, साखर कमी होती.